लाभाचा पाइप

गोंडपिपरीच्या बाजारात सोमाजीने बावीस वर्षं लोकांचं धान मोजलं. विकणारा घेणाऱ्याकडे आणि घेणारा विकणाऱ्याकडे चोरासारखा पाहायचा, पण सोमाजीच्या पायलीकडे कोणी पाहायचं नाही. तिकडे पाहणं म्हणजे भर पंगतीत वाढप्याचे हात हुंगण्यासारखं होतं. पत ही चीज अशी, की माणूस ती कमावतो थोडी आणि सांभाळतो जास्त. सोमाजी रस्त्याने जातानाही डोक्यावर भरली घागर असल्यासारखा जपून चालायचा.

अठ्ठावन्न साली सरकार किलो आणणार अशी बोलवा बाजारात आली. पायली जाणार, तराजू येणार. सोमाजी त्यावर कोणाशी काही बोलला नाही. पण दिवाळी झाल्यावर वझलवार साहेबांनी त्याला बोरच्या कामावर येतोस का म्हणून विचारलं, तेव्हा हो म्हणायला त्याने एक बिडी संपेपर्यंतच वेळ घेतला.

वझलवार साहेब नागपूरचे. दगड वाचायचं शिक्षण घेतलेले. कचेरीने त्यांना अहेरीच्या पलीकडे, एका नाल्याकाठी, लोखंडाचा दगड शोधायला धाडलं होतं. लोखंड काही लागलं नाही. पहिल्या बोरमधून मात्र काळा दगड वर आला, आणि तो पाहून साहेबांची झोप उडाली. त्या दगडात एकमेकींना लागून बसलेल्या उशा असाव्यात तसे गोळे होते, आणि प्रत्येक गोळ्याला काचेसारखी काळी साल.

साहेबांनी सोमाजीला पहिल्याच भेटीत समजावून सांगितलं. "भज्याचं पीठ तेलात सोडलं की काय होते, सोमाजी? वरून साल धरते, आत मऊ राह्यते. तसा हा तापलेला दगड पाण्यात सांडला. अन् एवढं पाणी म्हणजे समुद्रच."

सोमाजीने मान हलवली. त्याने पाहिलेलं मोठ्यात मोठं पाणी म्हणजे पुरातली वैनगंगा. अहेरीच्या रानात समुद्र होता हे त्याला पटलं नाही. पण पगार देणाऱ्या माणसाचा समुद्र नाकारायचा नसतो, एवढा व्यवहार त्याला होता.

साहेबांचं म्हणणं असं, की खऱ्या समुद्राच्या तळाखाली काय काय थर आहेत ते अजून कोणी पाहिलं नाही. अमेरिकेतले विद्वान म्हणे जहाजावरून तळाला भोक पाडायच्या गोष्टी करत होते. इथे तर जुन्या समुद्राचा तळच जमिनीवर येऊन पडलेला. जहाज नको, काही नको. फक्त बोर मारत जायचं, आणि किती फुटांवर कोणता दगड लागला, किती फुटांवर केवढी ऊब आहे, हे मांडत जायचं. उशांचा दगड कुठे संपतो आणि त्याखालचा जाड दाण्याचा काळा दगड कुठे सुरू होतो, हा आकडा साहेबांना जिवापलीकडे होता. पहिल्या बोरमध्ये तो दोनशे पंचवीस फुटांवर आला होता. मैलभर अंतरावरच्या दुसऱ्या बोरमध्ये तो किती येतो, यावर तो तळ सपाट की कलता हे ठरणार होतं.

थोडक्यात, सगळा खेळ फुटांचा. पहिल्या बोरला फूट मोजता मोजता साहेबांना दगडाकडे पाहायला सवड राहिली नव्हती, म्हणून दुसऱ्या बोरला त्यांनी मापारी आणला.

काम सोपं होतं. मशीन फिरे, पाइप जमिनीत उतरे. एक पाइप दहा फुटांचा. तो खाली गेला की वर दुसरा जोडायचा. जोडला की सोमाजी आकडा बोले आणि डब्यात एक चिंचोका टाके. संध्याकाळी चिंचोके मोजून साहेबांना सांगे, शेवटचा पाइप किती बुडाला तेही सांगे, आणि साहेब ते वहीत चढवत. पाइपच्या पोटातून दगडाच्या लांबोड्या कांड्या वर येत. त्या ओळीने लाकडी पेट्यांत मांडायच्या आणि प्रत्येक पेटीवर वहीतले फूट लिहायचे.

मशीन फारूक मिस्त्री चालवायचा. तो कामठीचा. हात काळे, दात पांढरे आणि जीभ सैल. साहेबांच्या समुद्राबद्दल त्याचं मत त्याने सोमाजीला चुलीपाशी सांगून टाकलं होतं. "साहेबाले समुद्र भेटला, अन् आपल्याले आंघोळीपुरता नाला नाई भेटून राह्यला."

सोमाजीला तो 'मापारीभाऊ' म्हणायचा आणि दिवसातून एकदा तरी छेडायचा. पण मार्गशीर्षात सोमाजीला हिवताप भरला, तेव्हा फारूकने आपल्या ट्रंकेतल्या कुनैनच्या गोळ्या त्याला काढून दिल्या, आणि पुढे त्याचा उल्लेखही केला नाही. ही गोष्ट सोमाजीच्या लक्षात होती. अशा गोष्टी तो विसरत नसे. मापाऱ्याचं डोकंच तसं, घेतलेलं आणि दिलेलं वेगवेगळ्या ढिगांत पडे.

दुसरा बोर संपला तेव्हा डब्यात तीस चिंचोके होते. तीनशे फूट. उशांचा दगड दोनशे चौदावर संपला होता.

मग बारा दिवस बोर तसाच ठेवला. साहेब म्हणाले, मशीनच्या घासण्याने आणि ओतलेल्या पाण्याने दगडाची ऊब बिघडते, ती जागेवर येऊ द्यावी लागते. तेवढ्यात पाइप बैलगाड्यांवर चढले आणि तिसऱ्या बोरच्या जागी जाऊन, तिथल्या न वापरलेल्या पाइपांत पडले. तेराव्या दिवशी साहेबांनी तारेला थर्मामीटर बांधून बोरमध्ये सोडला. तारेला फारूकने दर दहा फुटांवर लाल चिंधी बांधली होती. एकेक चिंधी आत जाई, साहेब थांबत, वाट पाहत, तार ओढून पारा वाचत, लिहीत. तीस चिंध्या आत गेल्या. तार काही सैल पडेना. एकतिसावी चिंधी तोंडापाशी आली आणि तेव्हा कुठे थर्मामीटर तळाला टेकला.

साहेब म्हणाले, भोक स्वतःपेक्षा दहा फूट जास्त खोल कसं असेल? त्यांनी तार बाहेर काढून नाल्याच्या वाळूवर पसरली आणि फीत लावून पुन्हा मोजली. चिंध्या बरोबर होत्या. म्हणजे वही चुकली होती.

आता वही दोन माणसांच्या जोरावर चालत होती. एक मोजणारा आणि एक मशीन चालवणारा. मोजणारा सोमाजी, त्यामुळे त्याचा प्रश्नच नव्हता. उरला फारूक. मिस्त्रीचं काम कांड्यांवरून जोखलं जातं. दगड ठिसूळ लागला की मशीन त्याचा भुगा करतं, कांडी येत नाही आणि मिस्त्रीला बोलणी बसतात. म्हणून कोणी कोणी मिस्त्री असा भुगा झालेला पट्टा वहीत येऊच देत नाहीत, पाइप गुपचूप पुढे रेटतात. या बोरमध्येही दीडशे फुटांच्या सुमाराला दगड फुटका होता, आणि त्या दिवशी सोमाजी तापाने निजला होता. फारूकने त्याला उठवून एकच पाइप सांगितला होता.

साहेबांनी दोघांना समोर उभं केलं. फारूक म्हणाला, एकच पाइप जोडला, एकच सांगितला. साहेबांनी सोमाजीकडे पाहिलं.

"माझ्या चिंचोक्यात फरक नाई, साहेब," सोमाजी म्हणाला.

त्याने ते खोटं म्हणून सांगितलं नाही. बावीस वर्षं जे लोक त्याच्याबद्दल बोलत होते, तेच आज त्याने आपल्या तोंडाने म्हटलं, इतकंच. फारूक हात पुसत त्याच्याकडे वळला.

"तुमच्या चिंचोक्याले तोंड असतं, मापारीभाऊ, त लय बरं झालं असतं."

साहेबांचा राग आवाज चढवणारा नव्हता, तो कागदावर उतरणारा होता. त्यांनी निकाल सांगितला. दहा फूट कुठे हरवले ते ठाऊक नाही. ते दीडशेच्या सुमाराला हरवले असतील तर खालच्या पेट्यांचे आकडे खोटे, दुसरीकडे हरवले असतील तर आणखी कुठले. मग दोनशे चौदा या आकड्याला काही अर्थ नाही. दोन महिन्यांचा बोर रद्द समजायचा आणि मिस्त्रीला कामावरून काढावं असं कचेरीला लिहायचं. पत्र सोमवारच्या डाकेने जाणार होतं. असा शेरा बसलेल्या मिस्त्रीला पुन्हा कोणत्या बोरवर घेत नाहीत, हे कामावरच्या सगळ्यांना माहीत होतं.

सोमाजीची शुक्रवारपासून रजा होती. घरच्या धानाची मळणी झाली होती आणि रास मोजायला तो लागणार होता. वैनगंगा डोंग्याने ओलांडून, पुढे मिळेल त्या गाडीने तो घरी पोचला.

शनिवारी सकाळी तो खळ्यावर बसला. सोमाजीच्या गावची रीत अशी, की नव्या राशीची पहिली पायली कपाळाला लावायची, मनात लाभ म्हणायचं आणि बाजूला ओतायची. ती देवळाची. जे आपलं नाही ते मोजायचं नाही, म्हणून मोजणी तिच्या पुढच्या पायलीपासून. काही गावांत लाभ म्हणजेच एक धरतात आणि पुढे दोन म्हणतात. सोमाजीच्या बापाने तसं शिकवलं नव्हतं. आणि गोंडपिपरीच्या बाजारात ही रीत सगळ्यांना ठाऊक असल्यामुळे त्यात कोणाचं काही जात नव्हतं.

तो मोजत गेला आणि त्याची बायको सुगंधाबाई टोपल्याने धान कोठीत नेत गेली. शेवटी त्याने हात झटकले.

"पन्नास," तो म्हणाला.

"एकावन," सुगंधाबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाली.

"लाभ कोन मोजते वो?"

"तुमी नोका मोजू. पन उचलाले त मलेच लागली ना."

सुगंधाबाई देवळाची पायली पदराखाली घेऊन निघून गेली. ती परत आली तेव्हा नवरा रिकाम्या खळ्यात तसाच बसलेला होता. तिने विचारलं, बरं नाही का? तो म्हणाला, बरं आहे.

त्याला दुसऱ्या बोरचा पहिला दिवस आठवत होता. साहेब तापाने अहेरीत पडलेले. फारूक मशीनच्या पट्ट्याशी झटत होता. गावच्या लोकांनी नारळ फोडला, पहिल्या पाइपला हळदकुंकू लावलं. सोमाजीने पाइपला हात लावून तो हात कपाळाला नेला आणि मनात म्हणाला, लाभ. डब्यात चिंचोका पडला तो दुसऱ्या पाइपला, आणि तोंडातून आकडा निघाला, एक. वरचे काही फूट माती आणि मुरूम, त्याची कोणी नोंदही केली नव्हती. वही उघडली ती दगड लागल्यावर. लाभाची पायली देवळात गेली तरी लाभाचा पाइप जमिनीतच होता. वरच्या सगळ्या पाइपांचं ओझं घेऊन.

परतीच्या वाटेवर सोमाजीने दोन ढीग घातले. एका बाजूला बावीस वर्षं. तो बोलला की आठ दिवसांत गोष्ट गोंडपिपरीत पोचणार, आणि मापाऱ्याला पाइप मोजता आला नाही म्हणून चहाच्या टपरीवर लोक मांडी थोपटून हसणार. दुसऱ्या बाजूला फारूक. मिस्त्री हुशार आहे, त्याला कुठेही काम मिळेल, असं सोमाजीने स्वतःला डोंग्यात बसेपर्यंत सांगितलं. नदीच्या मध्यावर कुनैनच्या गोळ्या आठवल्या, आणि त्या ढिगाला पुढे तळच लागेना.

छावणीवर पोचला तेव्हा फारूक ट्रंक भरत होता. त्याने सोमाजीला चहा दिला आणि धान किती झालं ते विचारलं. सोमाजीने पन्नास म्हणायला तोंड उघडलं आणि एकावन्न म्हणाला.

सोमवारी सकाळी साहेब पाकिटाला डिंक लावत होते. सोमाजी तंबूच्या दाराशी उभा राहिला. सरळ बोलायची त्याची हिंमत झाली नाही. साहेबांना आपोआप उलगडा व्हावा आणि त्यात आपलं नाव येऊ नये, असा एक मार्ग त्याने रात्री शोधून ठेवला होता. तो म्हणाला, साहेब, विहीर पाहिली का?

मशीनला पाणी हवं म्हणून गावच्या झिंगूने बोरपासून वीस पावलांवर विहीर खोदली होती. काळा दगड लागला तिथे झिंगूने हात टेकले. सोमाजी म्हणाला, झिंगू म्हणतो पंधरा हातांवर दगड लागला. साहेबांनी फीत सोडली. बावीस फूट. त्यांनी वही काढली. बोरमध्ये दगड लागल्याची नोंद होती बारा फुटांवर.

साहेब विहिरीच्या काठावर उकिडवे बसले. वीस पावलांत दगड दहा फूट उतरेल? उतरेलही. पण नेमका दहाच? त्यांनी मान वर केली. सोमाजीला वाटलं होतं, चूक वरच्या मातीतच झाली एवढ्यावर साहेब भागवतील. पण साहेब सबंध आयुष्य दगडाचं खोटं पकडण्यात घालवलेले. माणसाचं पकडायला त्यांना फार वेळ लागला नाही.

"पहिल्या दिवशी मी अहेरीत होतो. पहिला पाइप कोणी मोजला?"

सोमाजीने टोपी काढून हातात घेतली. फारूक ट्रंक घेऊन मोटारीच्या वाटेला लागायच्या तयारीत दूर उभा होता.

"मोजलाच नाई, साहेब. तो लाभाचा होता."

मग त्याने सगळं सांगितलं. खळं, देवळाची पायली, बापाची शिकवण. साहेबांनी रागावून काही तरी म्हटलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. साहेब पेन्सिल काढून वहीत आकडे मांडत होते.

"म्हणजे चूक पहिल्या पाइपात आहे, मधे कुठी नाई," ते शेवटी म्हणाले. "मधे असती त मले हा बोर बुजवाच लागला असता. वरच असली त प्रत्येक आकड्यात दहा मिळवले की झालं."

दोनशे चौदात दहा मिळवले की दोनशे चोवीस. पहिल्या बोरमध्ये दोनशे पंचवीस. मैलभर अंतरावर एका फुटाचा फरक. साहेबांनी तो आकडा दोनदा पुसून दोनदा लिहिला. त्यांचा समुद्र सपाट निघाला होता. त्यांनी पाकीट उघडलं, आतला कागद काढून चार तुकडे केले आणि ते खिशात ठेवले, कारण कागद रानात टाकायची त्यांना सवय नव्हती. फारूकला बोलावून म्हणाले, मिस्त्री, माझं चुकलं. एवढ्या तीन शब्दांसाठी साहेबांना घसा दोनदा खाकरावा लागला.

फारूकने ट्रंक खाली ठेवली. सगळं ऐकून घेतलं. मग सोमाजीकडे वळला.

"बावीस सालात लय देव जेवले म्हणा तुमच्या लाभावर. अन् उपाशी मराले मी एकटाच भेटलो?"

फारूकला उत्तर नकोच होतं. त्याने ट्रंक परत उचलली आणि आपल्या खोपटाकडे नेली. दोन दिवस मात्र तो सोमाजीला मापारीभाऊ म्हणाला नाही, नुसतं सोमाजी म्हणाला. तिसऱ्या दिवशी चुलीवर चहा ठेवताना त्याच्या तोंडून भाऊ निघून गेलं, मग ते परत घेता आलं नाही.

गोंडपिपरीत गोष्ट आठ दिवसांत नाही, पाचच दिवसांत पोचली. सुगंधाबाईला बाजारात बाया विचारू लागल्या, कावो, तुझ्या माणसानं समुद्रात दहा फूट सोडले म्हणे? ती म्हणाली, हो, देवळात दिले. मग कोणी विचारलं नाही. चहाच्या टपरीवर लोक हसले, ठरल्याप्रमाणे मांडी थोपटून हसले. पण शिमग्याला एका शेतकऱ्याने रास मोजायला सोमाजीलाच बोलावलं. मोजताना तो त्याच्या हाताकडे पाहत होता. बावीस वर्षांत पहिल्यांदाच कोणी पाहत होतं, आणि सोमाजीने ते सोसलं.

तिसऱ्या बोरच्या वेळी सोमाजीने वळकटी बांधून ठेवली होती. साहेब म्हणाले, ती सोड, मोजणी तूच करायची. फक्त पहिल्या पाइपला एक म्हणायचं, मोठ्यानं.

पाइप उभा राहिला. नारळ फुटला. साहेब वही घेऊन उभे, फारूकचा हात मशीनच्या दांड्यावर. सोमाजीने तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. एक काही बाहेर येईना. नव्या जागी, लाभ न देता, थेट आपली मोजणी सुरू करायची? त्याची जीभ बापाच्या खळ्यापासून चाळीस वर्षं एका वळणाची होती. त्याने साहेबांना थांबायला सांगितलं, आपल्या थैलीत हात घातला आणि घरून आणलेल्या धानाची एक मूठ पाइपखालच्या खड्ड्यात सोडली. हात कपाळाला लावला. मग सरळ उभा राहून, मशीनच्या आवाजाच्या वर ऐकू जाईल असं तो म्हणाला, "एक." चिंचोका डब्यात वाजला.

फारूकने मशीनवरून एक बोट वर केलं, म्हणजे ऐकू आलं. तेव्हापासून प्रत्येक पाइपला तो बोटं दाखवायचा, आणि दहाच्या वर गेल्यावर बोटं संपल्यामुळे नुसताच हसायचा.

पहिल्या पाइपच्या मातीत दुसऱ्या दिवशी धानाचे काही दाणे निघाले. साहेबांनी ते चिमटीत घेऊन पाहिले आणि वहीच्या पहिल्या ओळीत, इतर दगडांची नोंद करतात तशाच अक्षरात लिहिलं: शून्य फूट. धान, एक मूठ. मोजणीत नाही.